कानांनीं वाचावयाचीं पानें

संकेतस्थळाचें पान कसें रचावें, या प्रश्नांत निवृत्त संस्कृत-शिक्षकानें कां पडावें, असें वाचकांस वाटेल. परंतु आमच्या दादांची दृष्टि काचबिंदूनें गेल्यापासून हा प्रश्न आमच्या घरांतला झाला आहे.

दादा आतां कानांनीं वाचतात. संगणकांतील 'एनव्हीडीए' ही आज्ञावली पानावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविते. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं तिचा आरंभ केला. ती विनामूल्य मिळते. 'एच' ही कळ दाबली कीं वाचन पुढच्या मथळ्यावर जातें. मात्र मथळा हा मथळा म्हणून नोंदलेला पाहिजे. एचटीएमएल या रचनाभाषेंत मथळ्यांच्या सहा पायऱ्या आहेत; पुष्कळ कारागीर त्या वगळून अक्षरें नुसतीं ठळक करतात. डोळ्यांना भेद कळत नाहीं; कानांना मथळाच नाहींसा होतो, आणि दादांना सबंध पान पहिल्या ओळीपासून ऐकत बसावें लागतें.

यांत आम्हांस नवीन कांहींच दिसत नाहीं. आमचे ग्रंथ श्रवणासाठींच होते. म्हणून प्रकरणाचा आरंभ 'अथ'नें व शेवट 'इति'नें, म्हणजे शब्दांतच, सांगितलेला असे. एचटीएमएलमधील खूणही अशीच आरंभीं उघडते व शेवटीं मिटते!

मथळ्याचें एक वेळ चालेल. रकान्यांचें चालत नाहीं. एका पेढीच्या पानावर खातें उघडून पाहण्याचे जे रकाने आहेत, त्यांचीं नांवें त्यांच्याशीं जोडलेलींच नाहींत. शेजारीं छापलेलीं दिसतात खरीं, पण यंत्र प्रत्येक रकान्याशीं 'रिकामा' एवढेंच म्हणतें. तेव्हां शिल्लक पाहावयाची तर दादा सूनबाईंस हांक मारतात. त्याही हातांतलें काम टाकून येतात. एकत्र कुटुंबांत मदतीस तोटा नाहीं. परंतु ज्या गृहस्थानें चाळीस वर्षें घराचा हिशोब ठेवला, त्यानें आपली शिल्लक दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी, हें आम्हांस पाहवत नाहीं.

ही दयेची बाब नव्हे. सर्वांना वापरतां येतील अशा पानांचे नियम डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनें १९९९ सालींच प्रसिद्ध केले; भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें ३० एप्रिल २०२५ रोजीं अशी वाट मोकळी असणें हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरविला. शिवाय नीट रचलेलें पान लहान पडद्यावर वाचणाऱ्या सूनबाईंसही सोयीचें पडतें.

एक बारीक गोष्ट राहिली. पानाच्या आरंभीं भाषेची नोंद असावी लागते. मराठीसाठीं 'एमआर' हीं दोनच अक्षरें. ती नोंद नसली व यंत्रास हिंदी आवाज लावलेला असला, म्हणजे तें मराठीही हिंदीच्या वळणानें म्हणतें, आणि ज्ञानेश्वर 'ग्यानेश्वर' होतात. दादा मग यंत्र बंद करून ठेवतात.