बोटभर दोरी

मी अमेरिकेला निघालो तेव्हा ताईने एकच काम सांगितले : "त्या पोराचे आकाशातून उड्या मारणे बंद करून ये!" मराठीचा प्राध्यापक बोलण्यात हरणार नाही, असा तिचा भरवसा.

भाच्याबरोबर मैदानावर गेलो. विमान तयार होते. पाठीवर चढवण्याआधी पॅराशूटची पिशवी निरखताना तो थबकला. पिशवी मिटून धरणारा बोटभर दोरीचा फास, अंगरख्याच्या बिरड्यासारखा, झिजून त्याचे दोन धागे सुटले होते.

"मामा, हा तुटला तर पॅराशूट भलत्या वेळी उघडते. विमानाच्या दारातच उघडले, तर शेपटीला अडकायचे."

विमान निघून गेले. हा मांडी घालून नवी दोरी ओवीत बसला. राखीव पॅराशूटची घडी तर तो स्वतः घालीतच नाही. दर १८० दिवसांच्या आत परवानाधारक कारागिराने ते उघडून, तपासून पुन्हा घडी घालावी, असा तिथला नियम.

मला आमच्या इस्त्रीची सोललेली वायर आठवली. "उद्या बघू" म्हणत मी ती वर्षभर वापरीत होतो.

उपदेश राहूनच गेला. परतल्यावर वायर तेवढी बदलली. ताईकडे मात्र अजून गेलेलो नाही.