अज्ञानांची मुदत

मुलांची सुटी पूर्वी कोणी आखीत नसे. ती आपोआप येत असे. वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की माळ्यावरची ट्रंक खाली उतरे, आणि आजोळ जेथे असेल तेथे, धुळ्याला, देवासला वा धारला, मुलांची रवानगी होई. तेथे गेल्यावर करायचे काय, हा प्रश्न कोणाला पडत नसे. विहीर, चिंचेचे झाड आणि पत्त्यांचा एक जोड एवढ्या भांडवलावर दीड महिना सरत असे. त्यापलीकडची करमणूक वर्षातून एखाद्या दिवशी येई. गोमंतकीय वाचकांना शिरगावच्या लईराईची जत्रा किंवा म्हापशाचे मिलाग्रीस फेस्त आठवेल. आम्हां इंदूरकरांना अनंत चतुर्दशीची रात्र आठवते. हुकुमचंद, मालवा, राजकुमार अशा कापडगिरण्यांच्या कामगारांनी उभारलेल्या दिव्यांच्या झाँक्या त्या रात्री रस्त्यांवरून निघत, आणि वडिलांच्या खांद्यावर बसून मुले त्या पाहत. त्या तमाशाला तिकीट नव्हते, आणि खांद्यावर बसणाऱ्याची उंची मोजण्याचे कोणाच्या मनातही येत नव्हते.

आज सुटी आखावी लागते, आणि ती आखणे हे दावा चालविण्याइतकेच कष्टाचे काम आहे, असा आमचा अनुभव आहे. यंदा आमच्या घरातील दोन वादींनी, म्हणजे अकरा वर्षांच्या थोरलीने आणि पाच वर्षांच्या धाकट्याने, संयुक्तपणे मागणी केली की, खोपोलीजवळचे 'इमॅजिका' पाहायला जायचे. रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून जवळच हे उद्यान २०१३ साली सुरू झाले. पोटात गोळा आणणारी वेगवान गाडी, अंधारातून जाणाऱ्या सफरी, प्राचीन सरड्यांचा जलप्रवास असा त्याचा मोठा पसारा आहे. शेजारी जलक्रीडेचे उद्यानही आहे. एकेका कल्पनेभोवती असे सगळे जग उभारतात म्हणून त्यास 'थीम पार्क' म्हणतात, हे ज्ञान आम्हांला थोरलीकडून मिळाले.

मग आमची साक्षीपुराव्याची जुळवाजुळव सुरू झाली. मे महिन्यात इंदूर तापते आणि कोकणपट्टी घामाने भिजते, जून ते सप्टेंबर घाटाच्या पायथ्याशी धुवांधार पाऊस, नाताळात गर्दी. राहता राहिली दिवाळीची सुटी, तीही भाऊबीज उलटल्यानंतरची, आणि तीतही आठवड्याच्या मधला एखादा दिवस. इंदूरहून पुण्याकडे जाणारी गाडी रतलाम, बडोदे, सुरत, वसई असा लांबलचक वळसा घेऊन कल्याण गाठते. तेथून पुढे मोटारीचा रस्ता. अशा उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, हे कळल्यावर आमच्या मातोश्रींनी चष्मा काढून एवढेच विचारले, "मग मुलांना भूक लागली तर?" दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांच्याविना ज्यांनी आयुष्यात एकही प्रवास केला नाही, त्यांना या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आम्ही अजून देऊ शकलेलो नाही.

हे सारे तरीही सुटण्याजोगे होते. खरा पेच उभा राहिला तो उंचीचा. जगातील कोणत्याही अशा उद्यानात मोठ्या पाळण्यांच्या वेगवान गाड्यांच्या तोंडाशी एक पट्टी उभी असते. त्या पट्टीवरील खुणेपर्यंत, बहुधा १२० ते १४० सेंटिमीटरपर्यंत, ज्याचे डोके पोचत नाही त्याला प्रवेश नाही. यात कोणाचा आकस नाही. अंगावर येणारा सुरक्षेचा दांडा एका ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी घडविलेला असतो; लहान देह त्यातून निसटण्याचे भय असते. थोरली आमची १४३ सेंटिमीटर भरली. धाकटा भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून, टाचा जमिनीवर आहेत असे शपथेवर सांगूनही १०८च्या वर गेला नाही.

आम्ही त्याला घटनेचे चौदावे कलम समजावून पाहिले. समानता म्हणजे सर्वांना सरसकट एकच वागणूक नव्हे. समानांत समान वागणूक, आणि जेथे भेद करायचा तेथे त्या भेदाला सयुक्तिक आधार हवा, असे आपली न्यायालये सांगत आली आहेत. धाकट्याने हा युक्तिवाद शांतपणे ऐकून घेतला, आणि तो म्हणाला, "बाबा, मग मी मोठा झालो की जाऊ. तोवर ताईला थांबायला सांगा."

वरवर पाहता ही सूचना न्याय्य होती. आमच्या गृहिणीलाही ती पटण्यासारखी वाटली. "अहो, दोघांनाही सगळे मिळेल तेव्हाच नेऊ या की," असे त्या म्हणाल्या. आम्ही कागद घेऊन गणित मांडले. या वयाची मुले वर्षाला सुमारे सहा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे धाकट्याला १४० गाठायला पाच वर्षांहून अधिक काळ हवा. तेव्हा थोरली सोळा ओलांडून गेलेली असेल. इंदुरात सोळाव्या वर्षी मुले कोठे असतात, हे येथे राहणाऱ्याला सांगायला नको. शिकवणी वर्गांच्या जिन्यांवर चपलांचे ढीग पाहावेत. त्या वयात तिला आमच्याबरोबर खोपोलीला यावेसे वाटेल की मैत्रिणींबरोबर, याविषयी पैज लावायची आमची तयारी नाही. थोडक्यात, दोन्ही मुलांची उंची आणि हौस एकाच वेळी पट्टीवर येईल, असा दिवस पंचांगात नाही. ताईला थांबायला सांगता येत नाही.

येथे आम्हांला आमचाच व्यवसाय आठवला. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील व्यक्तीला 'अज्ञान' म्हणतात. अज्ञानाला करार करता येत नाही. १८७२च्या करार कायद्याचा हाच अर्थ प्रिव्ही कौन्सिलने मोहरी बिबी विरुद्ध धरमोदास घोष या खटल्यात १९०३ साली सांगितला, आणि विधीचा प्रत्येक विद्यार्थी तो पाठ करतो. तेव्हा मुलांना दिलेल्या सहलीच्या वचनावर कोणतेही न्यायालय हुकूमनामा देणार नाही, हे उघड आहे. पण याच अज्ञानावर कायद्याने एक मोठी मेहेरबानीही केली आहे. १९६३च्या मुदतीच्या कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे, त्याचा हक्क बुडाला तर दावा लावण्याची मुदत तो अज्ञान असेतो त्याच्याविरुद्ध धावत नाही. तो सज्ञान होईपर्यंत घड्याळ जणू त्याच्यासाठी थांबून राहते. पुढे मिळणारी सवलत मात्र तीन वर्षांपलीकडे जात नाही.

आईबापांवरचा मुलांचा जो दावा असतो, त्याचे घड्याळ नेमके उलटे चालते. ते फक्त अज्ञानपणीच धावते. पाळण्यात बसण्याचा, बोट धरून गर्दीतून चालण्याचा, दमून खांद्यावर झोपी जाण्याचा हक्क मूल सज्ञान झाले की संपतो. त्याला मुदतवाढ नाही, विलंब माफीचा अर्ज नाही, अपील नाही.

पैशाच्या दाव्याचे तसे नसते. ज्या हुकुमचंद मिलची झाँकी आमच्या पिढीने डोळे विस्फारून पाहिली, ती गिरणी १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या देण्यांचा झगडा तीन दशके चालला, आणि सुमारे २२४ कोटी रुपयांची रक्कम सुमारे ४८०० कामगारांसाठी मोकळी होण्यास डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. तोपर्यंत अनेक कामगार हयात नव्हते; त्यांच्या वारसांच्या हाती पैसे पडायचे होते. इतक्या उशिरा का होईना, हक्क शाबूत राहिला, ही न्यायाची थोरवीच. परंतु गिरणी बंद झाली तेव्हा दहा वर्षांचे असलेले कामगाराचे मूल रक्कम आली तेव्हा चाळिशी ओलांडून गेले होते. पैसा तीस वर्षांनीही पैसाच राहतो. त्या पैशातून त्या दहा वर्षांच्या मुलासाठी जे आणता आले असते, ते मात्र कोणत्याही व्याजदराने परत येत नाही.

आमच्या शाळकरी वयात, १९८९ साली, मुंबईजवळ गोराई येथे 'एस्सेलवर्ल्ड' सुरू झाले. त्याची जाहिरात दूरदर्शनवर लागली की गल्लीतील सारी मुले खेळ टाकून धावत. होडीत बसून जत्रेला जायचे, ही कल्पनाच माळव्यातल्या मुलांना वेड लावणारी होती. आमच्याही घरी मागणी झाली. वडिलांचा पगार एक आणि शिकणारी मुले तीन, अशा घरात 'पुढच्या सुटीत बघू' हेच खरे आणि प्रेमाचे उत्तर होते. त्याबद्दल आमची तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. पुढे स्वतःच्या मिळकतीतून जाता येईल असे दिवस आले, पण मागणारा मुलगा तोवर उरला नव्हता. २०२२ साली ते उद्यानही बंद झाले.

अशा उद्यानांची जन्मकथा मात्र बापाच्या बाकावरच सुरू होते, हे पाहून आम्हांला धीर येतो. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली फिरत्या लाकडी घोड्यांवर बसल्या असता वॉल्ट डिस्ने बाकावर बसून राहत. थोरामोठ्यांना मुलांबरोबर रमता येईल असे एखादे स्थळ असावे, हे तेथे सुचल्याचे त्यांनी पुढे सांगितले. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात ॲनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. म्हणजे बाकावर बसणे हेही या व्यवहारात वाया जात नाही. थोरली तिच्या आईबरोबर वेगाच्या गाडीत बसेल, तेव्हा तो बाक धाकटा आणि आम्ही वाटून घेऊ, असे ठरले.

तडजोडीत धाकट्याच्या पदरातही काही स्वतंत्र पडायला हवे होते. ते थोरलीच्याच यादीत सापडले. खोपोलीच्या त्या जलसफरीला राजासॉरस या प्राण्याचे नाव आहे. त्याची हाडे गुजरातेत राहिओली येथे मिळाली, आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला जे पूर्ण नाव दिले त्यात आमची नर्मदा आहे: राजासॉरस नर्मदेन्सिस. त्याच नर्मदेच्या खोऱ्यात, इंदूरशेजारच्या धार जिल्ह्यात, टायटानोसॉर जातीच्या शाकाहारी प्राण्यांची ९२ घरटी आणि २५६ अंडी आढळल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. तेथील पाडल्या गावचे लोक शेतात मिळणारे गोल दगड 'काकड भैरव' म्हणून पूजीत आले होते. तीही अंडीच निघाली. तेव्हा दिवाळीपूर्वी एक रविवार बाग-पाडल्याकडे जायचे, असा दुसरा ठराव मंजूर झाला. तेथे उंचीची पट्टी नाही. अंडी जमिनीत आहेत, पाहायला वाकावे लागते, आणि या बाबतीत १०८ सेंटिमीटरच्या माणसाला आम्हां सर्वांपेक्षा अधिक सोय आहे.

मातोश्रींनी प्रथम घरी राहण्याचे म्हटले होते. गुडघे दुखतात, त्यांच्यामुळे सर्वांचा खोळंबा होईल. परंतु अज्ञानाच्या वतीने दावा चालविणाऱ्यास वादमित्र म्हणतात, आणि आमच्या घरातील दोन्ही अज्ञानांची वादमित्र आजीच असते. वादमित्राला वगळून तडजोड कशी व्हावी? शिवाय गुडघ्यांनाही मुदत असते, आणि तीही थांबत नाही. चाकांची खुर्ची लागली तर घेऊ. चटणीची बरणी गाडीत राहील.

काल पाच शायिका राखून झाल्या. पाच ते बारा वर्षांच्या मुलाने शायिका न मागितली तर रेल्वे त्याला अर्ध्या भाड्यात नेते. स्वतंत्र शायिका हवी तर २०१६पासून पूर्ण भाडे द्यावे लागते. आम्ही ते दिले. तिकिटावर धाकट्याचे पूर्ण नाव, वय आणि शायिकेचा आकडा छापून आला आहे. कायद्याच्या लेखी तो अजून तेरा वर्षे अज्ञान आहे, उद्यानाच्या पट्टीला तो ३२ सेंटिमीटर कमी पडतो. पण रेल्वेने त्याला पुरा माणूस धरले, म्हणून तो ते तिकीट दप्तरात घालून फिरतो आहे.