रायपूरहून मराठी पुस्तक काढताना

वडील रेल्वेत होते, मूळचे अहमदनगरचे. त्यांच्यामुळे आम्ही रायपूरकर झालो. आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत चालते, घरात मात्र मराठी. वडील गेल्यावर मी मराठीत छोटी मननं लिहू लागले.

एका ख्रिस्ती मासिकाकडे नाताळसाठी लेख धाडला. संपादकांचा फोन आला. नाताळ अंकाचा मजकूर त्यांना सप्टेंबरातच हातात लागतो. शिवाय, "बायबलची वचनं फार झालीत, एकच ठेवा." दुसरा लेख शेजारच्या काकूंना वाचून दाखवला. त्या चर्चला जाणाऱ्या नाहीत. मटार सोलत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "हे पाद्रीसाहेबांचं बोलणं झालं गं. बाबा गेले तेव्हा तू काय केलंस, ते कुठंय?" मला राग आला. पण लेख पुन्हा लिहिला, आणि तो छापून आला.

पुढे मननांचं पुस्तक करायचं ठरलं. इथल्या एका छापखान्याने सगळे पैसे आधी घेतले. मजकूर मी मोबाईलवर युनिकोडमध्ये टंकला होता. त्यांनी तो आपल्या जुन्या फाँटमध्ये वळवला. 'दुसऱ्या', 'तुमच्या' असल्या शब्दांतली जोडाक्षरं फुटली. वर हिंदी ऑपरेटरने 'ळ'चा सर्रास 'ल' केला. येशूचा छळ होता, तो 'येशूचा छल' झाला! कागदावरचं प्रूफ मागितलं होतं, ते आलंच नाही. थेट बांधलेली पुस्तकं आली. पुन्हा छापून द्यायला नकार. गठ्ठे पलंगाखाली सरकवले आणि कितीतरी दिवस कुणालाच सांगितलं नाही.

त्या काळात लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला काढलं. 1893 मध्ये आमच्याच लाईनीवर, राजनांदगावला जाताना, त्यांचे पती ना. वा. टिळक यांना गाडीत एका मिशनऱ्याने नवा करार दिला होता. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. पुस्तकाचा पहिला भाग 1934 मध्ये आला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्या उपदेश करत बसत नाहीत. घरातली भांडणंसुद्धा जशी झाली तशी सांगतात. काकूंना हेच म्हणायचं होतं बहुधा.

दुसऱ्या वेळी नागपूरचा छापखाना धरला, मराठी कामाचा. निम्मे पैसे आधी, निम्मे पुस्तक पाहून. चूक त्यांची असेल तर फेरछपाई त्यांच्या खर्चाने, हे कागदावर घेतलं. कागदी प्रूफ भाचीने वाचलं आणि पानापानावर सही केली. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, दुसराच डोळा लागतो. आयएसबीएन राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. त्यासाठी दलालाला पैसे मोजू नका. बायबलमधले लांब उतारे घ्यायचे असतील तर बायबल सोसायटीला आधी पत्र टाका, भाषांतरावर त्यांचा हक्क असतो.

विक्री रविवारी उपासनेनंतर, चर्चच्या व्हरांड्यात टेबल मांडून केली. आधी भेट म्हणून वाटत होते, तेव्हा कुणी पुस्तकाबद्दल चकार शब्द काढला नाही. पन्नास रुपये किंमत लावली, तर पुढच्या रविवारी एक आजोबा पान उघडून वाद घालायला आले. मी चहा मागवला.