आधी पाणी, मग पाखरू

समुद्रपक्षी म्हटलं की बहुतेकांना जेट्टीवर पर्यटकांच्या हातातली शेव-गाठी पळवणारे कुरव आठवतात. कुरव हे किनाऱ्याचे पक्षी. दिवसभर पाण्यावर भटकले तरी संध्याकाळी वाळूवर परततात. खरे समुद्रपक्षी निराळे. त्यांचं खाणं, झोपणं, वादळ सोसणं सगळं समुद्रातच होतं. जमिनीला पाय लागतो तो अंडी-पिल्लांपुरता, आणि तोही बहुतेक वेळा कुठल्यातरी दूरच्या बेटावर. मालवणच्या धक्क्यावर बसून आयुष्य घालवलं तरी ते दिसतील याची खात्री नाही. त्यांच्याकडे आपणच जायला हवं, आणि त्यासाठी बोटीत बसायला हवं.

पण जायचं कधी? नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की पश्चिम किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर लोटलं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड, क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवंग माजतात, प्लवंगांवर तारली आणि बांगडा पोसतो. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला हे जोमानं घडतं, आपल्याकडे उत्तरेला येता येता त्याचा जोर ओसरतो. दक्षिण गोलार्धातले कितीतरी पक्षी तिकडचा हिवाळा टाळून याच दिवसांत अरबी समुद्रात येतात. म्हणजे पाखरं बघायचा खरा हंगाम भर पावसाळ्यात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद! बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, झापांखाली झाकलेल्या. बंदी नसती तरी त्या समुद्रात हौसेसाठी कुणी शहाणा माणूस गेला नसता. त्यामुळे आम्हा पक्षीनिरीक्षकांच्या वाट्याला पावसाळ्याचे दोन काठ येतात. एक मे महिन्यात, समुद्र खवळायच्या आधीचा. दुसरा नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवला की ऑक्टोबरपर्यंतचा. आमच्या सगळ्या सफरी या दोन फटींत बसवलेल्या.

दुसरा पेच अंतराचा. खोल समुद्राचे पक्षी जिथे समुद्रबूड जमीन संपून तळ एकदम खाली जातो त्या कडेवर जास्त असतात. केरळात ही कड किनाऱ्याला बरीच जवळ आहे, एका दिवसात जाऊन येता येतं. मुंबईसमोर ती तीनशे किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेकडे ती जवळ येत जाते, पण सिंधुदुर्गातूनही मासेमारीच्या बोटीनं पहाटे निघून रात्री परतायच्या हिशेबात ती बसत नाही. कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक, म्हणजे समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार, विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे. आम्ही तीस वावांच्या आसपास पाणी लागेपर्यंत जातो आणि तिथे जे मिळेल ते बघतो. त्यातही खूप मिळतं. मात्र ते मिळण्यासाठी जमिनीवरच्या पक्षीनिरीक्षणाच्या बऱ्याच सवयी सोडाव्या लागतात.

रानात आपण झाड बघतो, आवाजाचा कानोसा घेतो, पाणवठ्यावर दबा धरतो. समुद्रावर झाड नाही, आवाज इंजिनाचा, आणि पाणवठा म्हणावा तर चहूबाजूंना. नवखा माणूस दुर्बीण लावून आकाश चाळत बसतो आणि तासाभरात कंटाळतो. नजर कुठे ठेवायची हे मला एका तांडेलानं शिकवलं. त्याला पक्ष्यांच्या नावांशी कर्तव्य नव्हतं. तो सुकाणूवर हात ठेवून फक्त पाण्याकडे बघत असे. आम्ही आभाळात काय शोधतोय हे बराच वेळ बघून तो म्हणाला, "पाखरां खाली उतरतत, म्हणजे मासो वर इलो. तुमी आधी पाणी बघा."

पाणी बघायचं म्हणजे काय, ते हळूहळू कळत गेलं. दोन प्रवाह एकमेकांना भिडतात तिथे फेसाची लांबच लांब रेघ उमटते. रेघेच्या एका बाजूचं पाणी हिरवट, दुसऱ्या बाजूचं निळं. त्या रेघेवर लाकडाचे ओंडके, नारळ, तुटलेली जाळी, प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे असा सगळा वाहून आलेला कचरा गोळा होतो. त्याच्या सावलीला छोटी मासळी जमते आणि तिच्यामागे पाखरं. अशी रेघ सापडली की तांडेलाला तिच्या कडेकडेनं बोट हळू न्यायला सांगायचं. वारा नसताना पाण्याचा एखादाच पट्टा खरवडल्यासारखा दिसला, तर खाली तारलीची झुंड असायची शक्यता. दूरवर पाणी उकळल्यासारखं दिसलं तर खालून कुपा मासा लागलेला असतो. आणि ट्रॉलर जाळं ओढत असेल तर त्याच्या पाठीमागे जावंच. परदेशात पक्षी जवळ यावेत म्हणून समुद्रात माशांचं तेल आणि तुकडे टाकतात. आपल्याकडे ते काम ट्रॉलरवरून फेकली जाणारी टाकाऊ मासळी करते.

अशाच एका रेघेवर ब्रायडल्ड टर्न अगदी जवळून बघायला मिळतो. थर्माकोलचा परातीएवढा तुकडा, त्यावर हा सुरयाच्या कुळातला सडपातळ पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसलेला. पाठ काळपट तपकिरी, पोट पांढरं, डोक्यावर काळी टोपी. तुकडा लाटेवर वर-खाली होतो, पण पक्ष्याचं डोकं जागचं हलत नाही, मानेखालचं शरीरच तेवढं लाटेबरोबर जातं. बोट दहा-बारा हातांवर येईपर्यंत तो उठत नाही, तेवढ्यात कपाळ नीट बघून घ्यायचं. पांढरा पट्टा अरुंद असून डोळ्याच्या मागेपर्यंत गेला असेल तर ब्रायडल्ड. पांढरा भाग रुंद असून डोळ्यापाशीच थांबला आणि पाठ काळीकुट्ट असेल तर सूटी टर्न. इतक्या जवळून ही खूण पटवायची संधी समुद्रावर क्वचितच मिळते.

एरवी सगळं काम चालीवर. लांबून येणारा शेजारी चेहऱ्याआधी चालण्यावरून ओळखू येतो, तसं इथे रंगाआधी उडणं ओळखायचं. ताठ पंखांनी पाण्याला लागून जाणारा, चार-सहा वेळा झपझप पंख मारून घसरल्यासारखा तरंगणारा, वर तपकिरी आणि खाली पांढरा तो पर्शियन शिअरवॉटर. त्याहून मोठा, सावकाश पंख मारणारा, अंगभर गडद आणि फिकट गुलाबी चोचीला काळं टोक असलेला तो फ्लेश-फूटेड शिअरवॉटर. तो पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या बाजूच्या बेटांवरूनही आपल्या समुद्रात येतो. पावसाळा सरला की उत्तरेकडचे पाहुणे सुरू होतात. आर्क्टिकच्या टुंड्रात घरटी करणारे रेड-नेक्ड फॅलरोप बुचांसारखे पाण्यावर तरंगत असतात. पोमरीन स्कुआ सुरयांचा पाठलाग करून त्यांच्या चोचीतला मासा टाकायला लावतो आणि तो पाण्याला लागायच्या आत उचलतो.

या सगळ्यांत माझा जीव जडला आहे तो विल्सन्स स्टॉर्म पेट्रेलवर. चिमणीहून थोडा मोठा, वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास, रंग काजळी तपकिरी आणि कमरेवर पांढरा पट्टा. घरटं अंटार्क्टिकाच्या आणि त्याच्या आसपासच्या बेटांवरच्या खडकांच्या फटींत. तिथून निघून हा आपल्या देवगड-मालवणसमोर येतो. ट्रॉलरनं टाकाऊ मासळी फेकली आणि तेलकट तवंग पसरला की पाचेक मिनिटांत हे पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं तवंगाकडे येऊ लागतात. या कुळातल्या पक्ष्यांचं नाक चोचीवर नळीसारखं असतं आणि वास घेण्याची त्यांची ताकद दांडगी. मग पंख वर धरून, लांब पाय खाली सोडून, पाण्यावर टपटप पावलं टाकत ते तवंगातले कण टिपतात. पोहत नाहीत, बसत नाहीत, पाण्यावर चालतात. बोटांमधलं पिवळं कातडं एखाद्या क्षणी चमकून जातं. दुर्बिणीनं ते बघायला मिळालं की दिवस वसूल.

आता शरीराचं. बोट लागते, आणि कुणालाही लागते. पिढीजात खलाशीसुद्धा सुट्टीनंतरच्या पहिल्या फेरीला गप्प असतो. रात्री नीट झोप, सकाळी पोट रिकामं नाही आणि भरगच्चही नाही, डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री गोळी, खिशात आवळासुपारी आणि आलेपाक. बोटीच्या मध्यावर उभं राहायचं, कारण तिथे हेलकावा सर्वात कमी. डिझेलचा धूर टाळायचा आणि नजर क्षितिजावर ठेवायची. मोबाइलमध्ये किंवा पुस्तकात मान घातली की संपलं. दुर्बीण आठ पट मोठं दाखवणारी पुरे. दहा पटीची हलत्या बोटीवर हाताची थरथरही दहा पट करते. भिंगांवर मिठाचा थर बसतो, तो कोरड्या फडक्यानं घासला तर चरे पडतात. गोड्या पाण्यात भिजवलेला रुमाल सोबत हवा. पक्षी दिसला की "तो बघ, तिकडे" असं ओरडून उपयोग नसतो. बोट म्हणजे घड्याळ समजायचं: पुढची नाळ म्हणजे बाराचा आकडा, उजवी बाजू तीन, डावी नऊ. "दहा वाजता, क्षितिजाखाली, डावीकडे चाललाय" एवढं सांगितलं की सगळ्यांच्या दुर्बिणी एकाच जागी वळतात. परवानगी, बंदरावरची नोंद, ओळखपत्रं आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, या गोष्टींवर मी वाद घालत नाही. त्या नसतील तर बोट सुटत नाही.

नोंदींची शिस्त वेगळी. दिवसभराची एकच यादी केली तर कोणता पक्षी किनाऱ्यापासून किती लांब, किती खोल पाण्यावर होता ते कळत नाही. म्हणून तासातासाची वेगळी यादी करायची आणि प्रत्येक यादीबरोबर जीपीएसवरची जागा लिहायची. ज्या तासात एकही पक्षी दिसला नाही त्याचीही यादी करायची, कारण रिकामं पाणी कुठे होतं हे पुढच्याला कळायला हवं. आणि जो ओळखता आला नाही तो "गडद पेट्रेल, जात नक्की नाही" असाच लिहायचा. जौनिन्स पेट्रेल आणि स्विनहोज स्टॉर्म पेट्रेल हे दोन्ही गडद रंगाचे, दोन्ही अरबी समुद्रात दिसलेले. मावळतीच्या उन्हात अर्ध्या मिनिटात पाहिलेल्या काळ्या पाखरावर त्यातलं दुर्मीळ नाव चिकटवायचा मोह होतो. अशा एका खोट्या नावापेक्षा दहा अनोळखी नोंदी जास्त कामाच्या.

या किनाऱ्यावरच्या नोंदींची परंपरा जुनी आहे. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याच्या सफरीचा वृत्तांत १८७६ साली आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापला. हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास वेंगुर्ला रॉक्सवरच्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. हे खडक म्हणजे निवती-वेंगुर्ल्यासमोरची, दीपगृह असलेली छोटी बेटं. तिथल्या गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात आणि सुरय उघड्या खडकावर अंडी घालतात. पाकोळ्यांची ही घरटी चोरून विकली जात होती. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं त्यांच्या रक्षणाचं काम हाती घेतलं. घरट्यांच्या दिवसांत आम्ही तिथे बोट लावत नाही. एक माणूस खडकावर उतरला की सगळे सुरय उठतात आणि उघडी अंडी उन्हात भाजतात. लांबून, चालत्या बोटीतून जेवढं दिसेल तेवढं पुरे.

एवढं सगळं वाचून बोटीत बसायचा विचार सगळ्यांनी करावा असं माझं म्हणणं नाही. वेळ, पैसा आणि पोट या तिन्हींची तयारी लागते. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला एक काम सहज जमण्यासारखं आहे. जून ते सप्टेंबर या काळात जोराचा वारा आणि पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी पुळणीवर फेरी मारा. थकलेले, उपाशी समुद्रपक्षी वाऱ्यानं किनाऱ्यावर येऊन पडतात. कोकणाच्या वाळूवर मास्क्ड बूबीसारखा मोठा पक्षीही असा सापडतो. त्याला पुन्हा लाटेत सोडू नका, तो बुडेल. चोचीत पाणी ओतू नका, मासा कोंबू नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कुत्र्यांपासून आणि गर्दीपासून दूर, सावलीत ठेवा. उचलताना हातावर टॉवेल घ्या, चोच जोरात लागते. मेलेला असेल तरी चोच, पाय आणि उघडलेला पंख यांचे फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा. भर पावसाळ्यात समुद्रात कोण होतं हे सांगणारा पुरावा बऱ्याचदा तेवढाच असतो. आणि जिवंत पक्ष्यासाठी वनखात्याला फोन लावा. 'हॅलो फॉरेस्ट'चा नंबर १९२६. मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेवा.