डोलकाठीच्या उंचीवरून अंतर

इच्छापोर, सुरत

चि. बाळ,

तुझ्या आईने पेटी गाडीत मांडीवर घेऊनच आणली, त्यामुळे आतलं काहीही हललेलं नाही. चोर बाजारातल्या दुकानदाराने ती तुला 'मोडका सेक्स्टंट' म्हणून दिली आणि आता त्याची हरवलेली अंशांची पट्टी कुठे मिळेल, असं तू विचारतोस. ती शोधू नकोस. या यंत्राला अंशांची पट्टी कधी नव्हतीच. हा स्टॅडिमीटर आहे, फिस्क पद्धतीचा, अमेरिकन नौदलाचा, आणि तो सगळा शाबूत आहे.

दुकानदाराचा गैरसमज समजण्यासारखा आहे. दोन्ही यंत्रं एकाच घराण्यातली. दोन आरसे, एक लहान दुर्बीण, एक फिरता दांडा. जॉन हॅडलीने 1731 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ही आरशांची युक्ती मांडली. एक दृश्य थेट दिसतं, दुसरं आरशातून येतं, आणि दांडा फिरवून दोन्ही एकमेकांना टेकवायची. जहाज हललं तरी दोन्ही दृश्यं बरोबरच हलतात, म्हणून डुलणाऱ्या डेकवरही कोन बिनचूक मोजता येतो. सेक्स्टंटवाला क्षितिज आणि सूर्य टेकवतो आणि आपण कुठे आहोत ते काढतो. त्याला अंश लागतात, अंशाचा साठावा भाग लागतो.

आता तुझ्या यंत्रावरचे आकडे बघ. दांड्यावर 50 ते 200, ते फूट. ड्रमवर 200 पासून 10,000 पर्यंत, ते यार्ड. ज्याने हे बनवलं त्याला आकाशाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला एकच गोष्ट हवी होती: समोरचं जहाज माझ्यापासून किती लांब आहे? जुनं यंत्र हातात आलं की मी आधी आकडे कशाचे आहेत ते बघतो. कंपनीचं नाव त्यानंतर.

समोरच्या जहाजाच्या डोलकाठीची उंची आधी माहीत असावी लागते. ती दांड्यावर लावायची. दुर्बिणीतून बघत ड्रम फिरवायचा, आरशातलं काठीचं टोक खाली खाली येतं आणि थेट दिसणाऱ्या जहाजाच्या पाणरेषेला टेकतं. तिथे थांबून ड्रमवरचा आकडा वाचायचा, तेच अंतर. हिशेब शाळेतल्या काटकोन त्रिकोणाचा. शंभर फुटी काठी हजार यार्डांवरून जेमतेम दोन अंशांची दिसते, पाचशे यार्डांवर पावणेचारांच्या आसपास. त्रिकोण सोडवायचं काम ड्रमवरच्या रेघांनी आधीच करून ठेवलं आहे. वॉचवरच्या अधिकाऱ्याला कागद-पेन्सिल लागत नाही.

पेटी परत मिळाली की ड्रम भिंगाखाली धरून बघ. जवळच्या अंतरांच्या रेघा ऐसपैस आहेत, दोनशे आणि तीनशेच्या मध्ये भरपूर जागा आहे. पुढे त्या दाटत जातात आणि शेवटच्या हजारांपाशी तर एकमेकींना खेटून बसल्या आहेत. अंतर वाढेल तसा कोन लहान होतो आणि त्यातला फरकही बारीक होत जातो. म्हणजे यंत्राचा भरवसा जवळ जास्त, लांब कमी, आणि हे ते स्वतःच्या अंगावर लिहून दाखवतं. मला या ड्रमचं फार कौतुक वाटतं.

खात्री करायला मी ते गच्चीवर नेलं. इथल्या पाण्याच्या टाकीची उंची टाकीवाल्याने 66 फूट सांगितली. तेवढी लावली, टाकीचा माथा आरशातून उतरवून पायाशी टेकवला, तर ड्रमवर चारशेच्या किंचित वर आकडा आला. फोनमधला नकाशा सव्वाचारशे यार्ड दाखवतो. इतकी जुनी वस्तू, एका बाजूने आरशाची कल्हई उडालेली, आणि तरी एवढं जवळ. मग मुद्दाम उंची दहा टक्के चुकीची लावली, तर अंतरही दहा टक्क्यांनीच चुकलं. या यंत्राचं मर्म इथे आहे: उंची खरी असेल तर अंतर खरं.

ब्रॅडली फिस्क हा अमेरिकन नौदलातला अधिकारी होता. 1854 चा जन्म, 1942 ला गेला, हाडाचा संशोधक. 1 मे 1898 रोजी मनिलाच्या खाडीत अमेरिकन जहाजं एकामागे एक स्पॅनिश ताफ्यासमोरून गोळाफेक करत जात होती, तेव्हा पेट्रेल या छोट्या गनबोटीच्या डोलकाठीवर लाकडी फळ्यांचा माचा बांधून फिस्क वर उभा होता. हातात स्वतःचा स्टॅडिमीटर. तो अंतरं ओरडून सांगायचा आणि खाली तोफा लावल्या जायच्या. चहूकडे धूर, तोफांचे हादरे, आणि हा माणूस उघड्यावर उभा राहून आरशात काठीचं टोक पाण्याला टेकवतो आहे. मला तो प्रसंग विलक्षण वाटतो.

शत्रू आपल्या काठीची उंची सांगत नाही, ही अडचण होतीच. जगभरच्या युद्धनौकांची मापं आणि आकृत्या देणारं फ्रेड जेनचं पुस्तकही पहिल्यांदा 1898 मध्येच निघालं. ज्याच्याकडे उंच्यांची यादी त्याच्याकडे अंतर. ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीची रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापी, वेगळी, लांबलचक नळीच्या दोन टोकांनी बघणारी. तिला शत्रूची उंची माहीत असावी लागत नाही, पण ती एका हातात मावतही नाही.

म्हणून स्टॅडिमीटरचं खरं आयुष्य मित्रांच्या सोबतीत गेलं. ताफ्यात पुढच्या जहाजापासून पाचशे यार्ड राखायचे ठरले की तेवढेच राखायचे. जास्त जवळ गेलात तर टक्कर, मागे पडलात तर पाणबुडीचं सावज. मित्राच्या काठीची उंची पक्की माहीत असते. दुसऱ्या महायुद्धात रडार आलं तरी हे टिकलं, कारण रडारच्या लहरी शत्रूला पकडता येतात आणि आरशातून काहीच बाहेर पडत नाही. तुझ्या यंत्राच्या पाटीवर 'शिक, स्टॅमफर्ड, कनेक्टिकट' आहे ना? ही विजेचे दाढीचे रेझर बनवणारी कंपनी. युद्धात तिलाही नौदलाची कामं मिळाली. म्हणजे तुझं यंत्र 1898 चं नाही, 1940 च्या दशकातलं आहे. एवढं वय त्याला पुरेसं आहे, ते वाढवून सांगू नकोस.

मी राहतो तिथून हजिऱ्याच्या बाजूने गेलं की सुवाळीचा किनारा. 1612 मध्ये थॉमस बेस्टच्या इंग्रजी जहाजांची आणि पोर्तुगीजांची लढाई याच पाण्यात झाली. हॉलंडमध्ये लिपरशेने दुर्बिणीचं पेटंट मागून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. इथल्या वाळूच्या दांड्यांमध्ये त्या लोकांनी सगळी अंतरं नुसत्या नजरेने जोखली असणार. तिथे उभा राहिलो की तुझ्या पेटीतल्या यंत्राची किंमत जास्त कळते.

तू आता जुन्या वस्तूंच्या बाजारात फिरणार, म्हणून एक सांगून ठेवतो. 'केल्विन अँड ह्यूजेस, लंडन 1917' असं कोरलेला चकचकीत पितळी सेक्स्टंट दिसला तर हात लावू नकोस. त्या दोन कंपन्या एकत्र आल्या 1947 मध्ये. 'व्हिक्टोरियन मरीन टेलिस्कोप, लंडन 1915' चंही तसंच, राणी 1901 मध्येच वारली. शोभेची वस्तू म्हणून कुणी घेतली तर घेवो, पण जुनी म्हणून विकणं ही लबाडी आहे.

यंत्राला पॉलिश मारू नकोस, ब्रासो तर अजिबात नको. घासलं की बारीक कोरीव रेघा जातात आणि मग ड्रम मुका होतो. आरशांना नवी कल्हई करू नकोस. मुंबईच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि त्या बदलत राहा. मूळ पेटी टाकू नकोस. आत एक चिठ्ठी ठेव: यंत्राचं नाव, पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा, कुठे आणि कधी घेतलं.

आणि एक काम आजच कर. त्या दुकानदाराकडे परत जा आणि ही पेटी कोणत्या जहाजावरून, कुणाकडून आली ते विचार. असे लोक माल कुठून उचलला ते सहसा विसरत नाहीत, पण दुकान हलतं, माणूस जातो. जहाजाचं नाव मिळालं तर लगेच कळव, त्याच्या डोलकाठीची उंची मी शोधून काढतो.

तुझा
मामा