बांध ओहोटीला पडतो

डोंबिवलीच्या पश्चिमेला, मोठागावच्या खाडीकाठी आमची दोन एकर खार होती. उल्हास नदी कल्याण सोडून खाली आली की तिच्यात भरती-ओहोटी खेळते, म्हणून आम्ही तिला खाडीच म्हणतो. खारं पाणी अडवायला मातीचा बांध, पावसाचं पाणी सोडायला उघाडी आणि आत तांबडा भात. दर उन्हाळ्यात चिखलाची ढेकळं बांधावर चढवायची, हे घरातल्या सगळ्यांचं काम.

हा बांध भरतीला पडलेला मी कधी पाहिला नाही. पडायचा तो ओहोटीला. शहरातल्या माणसाला हे सांगितलं तर खोटं वाटतं. उधाणाचं पाणी बांधाच्या डोक्याला लागलं तरी बाबा निवांत बिडी ओढत बसायचा. पाणी उतरू लागलं की मात्र उठायचा. कारण भिजलेला बांध पोटातल्या पाण्याने जड झालेला असतो. बाहेरचं पाणी त्याला टेकू देतं. ते भराभर उतरलं की टेकू गेला, आणि पोटातलं पाणी काही तेवढ्या लवकर निघत नाही. आधी कडेपासून दोन हात आत बारीक भेग दिसते. मग कधीतरी भस्स आवाज होतो आणि अख्खा तुकडा गवतासकट खाली बसतो. डोकं मागं, पाय पुढं, आरामखुर्चीत माणूस बसावा तसा.

मी भेग बुजवायला धावायचो. बाबा म्हणायचा, "पोरा, वर काय बगतस? पानी पायाशी खातंय."

आमच्या लहानपणी रेती काढायचे ते डुबी. बादली घेऊन खाडीच्या तळाशी बुडी मारायची, दम तुटायच्या आत वर यायचं. त्या माणसांच्या कानांची काय गत व्हायची! पुढं सक्शन पंप आले. बाबा गेल्यावर एकाने माझ्या बांधालगत बोट लावू द्या म्हणून विचारलं. रोज रोख पैसे. मुलीचं लग्न ठरलं होतं. मी हो म्हटलं. रात्रभर पंप चालायचा आणि मी घरात अंथरुणावर पडून तो ऐकायचो. काठाजवळ जिथं ओहोटीला कंबरभर पाणी असायचं, तिथं बांबू टेकेनासा झाला.

२६ जुलै २००५ चा पूर आला. पूर चढला तेव्हा बांध उभा होता. ओसरला तेव्हा गेला, चार ठिकाणी. खारं पाणी आत शिरलं आणि पुन्हा तिथं भात झाला नाही. आता तिवरं वाढलीत. सगळे म्हणाले, पुराने नेला. मीपण तेच सांगितलं. पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. अस्थी घेऊन हरिहरेश्वरला गेलो, बरोबर भाचा होता. तो शाळेत भूगोल शिकवतो. ओहोटी पाहून प्रदक्षिणेच्या वाटेने दोन कड्यांमधल्या पायऱ्या उतरलो. खाली काळा कातळ, पण मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. भाचा म्हणाला, लाटांचं पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतं, उन्हात सुकतं, मिठाचे खडे वाढतात आणि खडकाचा कण कण सुटतो. मला लगेच कळलं. आमच्या जुन्या घराच्या भिंतीला खार फुटून गिलावा असाच सुटायचा. कड्याचा पाय लाटांनी आत कोरलेला, वरचा भाग पुढं आलेला, त्यात उभी चीर. चिरेपासून सुटलेले धोंडे खाली पडलेले. ते पडलेले धोंडेच आता कड्याचा पाय राखतात, लाटांना आधी ते फोडावे लागतात. आमच्या चिखलाचं तसं नाही, दोन भरत्यांत विरघळून जातो.

कातळ होता, म्हणून शेकडो वर्षं लागतात. बाकी तोच प्रकार. मी त्या कोरलेल्या पायाकडे बघत राहिलो आणि भाच्याला रेतीच्या बोटीचं सांगून टाकलं. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो म्हणाला, "मामा, आजीला ठाऊक होतं. तिलाही पंप ऐकू यायचा."

पाणी परत चढायला लागलं होतं. आम्ही पायऱ्या चढून वर आलो.