वर्गात, पण कोठे?

इतिहास हा आमच्या पदव्युत्तर अभ्यासाचा विषय. इंग्रजीचा तास वाट्याला आला तो शिक्षकांच्या टंचाईमुळे. सांगली जिल्ह्यातील मुलांना स्थानदर्शक शब्द शिकविताना आमची बरीच दमछाक झाली. मराठीत ‘पेटीत’, ‘टेबलावर’, ‘दाराजवळ’ असा प्रत्यय वा शब्दयोगी अव्यय नामाला मागून जोडले जाते. इंग्रजीत ते नामाआधी स्वतंत्र उभे राहते. त्यातही आपण ‘स्थानकावर’ म्हणतो, म्हणून मुले ‘ऑन द स्टेशन’ लिहीत. तेथे ‘ॲट’ का, हे घोकून कळेना.

अखेर पुस्तकातील चेंडू व खोके बाजूला ठेवून आम्ही साताऱ्याकडे वळलो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांनी तेथील सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात बाबासाहेबांनी आपल्या शालेय दिवसांविषयी लिहिले आहे. त्याच लेखनात १९०१ साली मसूर स्थानकावर ताटकळलेली भावंडे भेटतात. ‘ॲट मसूर स्टेशन’ एवढे फळ्यावर लिहिले आणि ‘ॲट’ची चूक पुन्हा फारशी झाली नाही.

मग आम्ही विचारले, तो विद्यार्थी कोठे बसे? ‘इन द क्लास’, मुले म्हणाली. वर्गात कोठे? ‘इन द कॉर्नर.’ कशावर? ‘ऑन अ सॅक’. घरून आणलेल्या तरटावर. ते तरट शाळेचा गडी शिवत नसे, म्हणून रोज घरी न्यावे लागे. कसा बसे? आम्ही शेवटी लिहिले, ‘अपार्ट’. हे क्रियाविशेषण, येथे त्याच्यापुढे नाम नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हा शब्दपण एकटाच बसलाय.” वर्ग क्षणभर शांत झाला.

पुढे नळ आला. शिपायाने तोटी सोडली तरच त्यांना पाणी मिळे. एका मुलीने विचारले, “नळापाशी असून तहानलेलेच, तर ‘ॲट द टॅप’ बरोबर कसं?” आम्ही म्हणालो, व्याकरणाने बरोबर आहे. ‘ॲट’ जागा सांगते. अधिकार सांगत नाही. तो इतिहासाला विचारावा लागतो.

आम्ही स्वतः गावच्या शाळेत दाराशी बसत असू. कोणी तसे बजावले नव्हते; आपली जागा तीच, हे आम्हांला आधीच ठाऊक होते. म्हणून निवासी शाळेतील एका पंगतीचे मोल आम्हांला व्याकरणाहून अधिक वाटते.

त्या वर्षीच्या चाचणीत स्वतःची जागा वर्णन करावयाची होती. त्याच मुलीने लिहिले, ‘आय सिट ऑन द फर्स्ट बेंच, बिसाइड माय फ्रेंड.’ वाक्याच्या शेवटी पूर्णविराम राहून गेला होता. आम्ही तो लाल शाईने दिला आणि गुण पूर्ण दिले.